पहिलीतल्या मुलीचा स्वेटर गेटवर उतरवला, आता काय करायचं?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यालगतच्या गावात राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, बेळगावातल्या एका खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पहिलीत आहे. शाळा राज्य अभ्यासक्रमाची आहे. सकाळी सातला व्हॅन येते. शाळेचा नियम असा की स्वेटर 1 डिसेंबर ते 31 जानेवारी एवढ्याच दिवसांत घालायचा, तोही मरून रंगाचा आणि त्यांनी सांगितलेल्या दुकानातूनच घेतलेला. फ्रॉकखाली लेगिंग्ज चालत नाहीत. फुल पँट पाचवीपासून पुढे. नोव्हेंबरात तिला खोकला झाला होता, म्हणून आजीने विणलेला निळा स्वेटर घालून पाठवलं. गेटवर तो काढून घेतला आणि प्रार्थना संपेपर्यंत तिला रांगेबाहेर उभं केलं. स्वेटर तीन दिवसांनी परत दिला. मिस्टर विचारायला गेले तर ‘प्रवेश अर्जावर सही केली आहे, पटत नसेल तर दाखला घेऊन जा’ असं उत्तर मिळालं. पोलिसांत तक्रार द्यावी का? दिली तर मुलीला त्रास होईल का?

उत्तर:

ताई, पोलिसांत आज जाऊ नका. तुमची बाजू लंगडी आहे म्हणून मी हे सांगत नाही, ती चांगली भक्कम आहे. पण पहिलं पाऊल चुकीच्या दारात पडलं की भक्कम बाजूही महिनोन्‌महिने लोंबकळते. आणि तोवर मुलगी रोज त्याच गेटमधून आत जात असते.

आधी शाळेच्या बाजूचं सांगतो, कारण ते माहीत नसलं तर मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर तुमचीच पंचाईत होईल. गणवेश ठरवायचा अधिकार शाळेला आहे. कर्नाटक शिक्षण कायदा, 1983 खाली 1995 मध्ये शैक्षणिक संस्थांच्या वर्गीकरण आणि अभ्यासक्रमाविषयीचे नियम झाले. त्यातला 11 वा नियम गणवेशाचा आहे. मान्यताप्राप्त शाळा आपला गणवेश ठरवू शकते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मार्च 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाबच्या प्रकरणात गणवेशावर जो मोठा निकाल दिला, त्यातही हा नियम उद्धृत झाला आणि शाळेचा हा अधिकार मान्य झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, पण तो वाद निराळा होता, थंडीचा नव्हता. तेव्हा ‘आम्ही कुठल्याही रंगाचा स्वेटर घालू, तुम्ही कोण विचारणार’ ही भाषा वापरू नका. अमुक अंशांच्या खाली पारा गेला की स्वेटर घालू द्यावा, असं कलमही कुठे नाही.

पण त्याच 11 व्या नियमाचा उरलेला भाग शाळा पालकांना वाचून दाखवत नाहीत. एकदा ठरवलेला गणवेश पुढची पाच वर्षं बदलता येत नाही. बदलायचा असेल तर पालकांना किमान एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. आणि तुमच्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं कलम त्यानंतर येतं: गणवेशाचं कापड किंवा पुस्तकं शाळेतूनच अथवा शाळेने सांगितलेल्या दुकानातूनच घ्या, ठराविक शिंप्याकडूनच शिवून घ्या, अशी सक्ती करता येत नाही. कुठून घ्यायचं ते विद्यार्थी किंवा पालक ठरवणार. म्हणजे मरून रंगाचा आग्रह शाळा धरू शकेल, पण दुकानाचा धरू शकत नाही. गणपत गल्लीतून घ्या, खडेबाजारातून घ्या, नाहीतर आजीला मरून लोकर आणून द्या. विणलेला स्वेटर रंगाने जुळला की तुम्ही नियमात बसलात.

शाळेचं पत्रक पुन्हा एकदा काढून पाहा. मरून स्वेटर आधीपासून होता की यंदा जूनमध्ये आला? यंदाच आला असेल तर हा गणवेशातला बदल आहे आणि वर्षभर आधीची नोटीस कुठे आहे, असं तुम्ही विचारू शकता. शाळा म्हणेल की स्वेटर हा गणवेश नव्हे, जादा कपडा आहे. तसं म्हटलं तर उत्तमच. गणवेश नाही तर गणवेशाचा नियम मोडला म्हणून मुलीला उभं कसं केलं? दोन्हीपैकी एकच बाजू त्यांना धरता येईल.

आता सहीचं. प्रवेशाच्या वेळी छापील अर्जावर ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ म्हणून आपण सगळेच सही करतो. त्या सहीने तुम्ही शिस्तीचे रास्त नियम पाळायला बांधल्या गेलात, हे खरं. पण कायद्याने मना केलेली गोष्ट सही घेऊन चालू करता येत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 23 सांगतं की कायद्यातल्या तरतुदीला हरताळ फासणारा करार रद्दबातल असतो. दुकानाच्या सक्तीला तुमची सही उपयोगाची नाही, आणि मुलीला थंडीत उभं करायला तर मुळीच नाही.

त्या उभं करण्याविषयी मला जास्त बोलायचं आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. जो ती मोडेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई व्हायची असते. शिक्षा म्हटलं की आपल्याला छडी आठवते. पण राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत त्रास होईल अशा स्थितीत मुलाला ठेवणं आणि चारचौघांत त्याला लाजवणं हेही येतं. अंगातला स्वेटर उतरवून, खोकणाऱ्या पोरीला सगळ्या शाळेदेखत बाजूला काढणं यात दोन्ही झालं. आणि सहा वर्षांच्या मुलीने कुठला नियम मोडला हो? सकाळी तिला कपडे तुम्ही घातलेत. पत्रक तुम्हाला आलं होतं. जाब विचारायचा तर चिठ्ठी पाठवून तुम्हाला विचारायचा.

शाळेचं कॅलेंडरही मला पटत नाही. मी टिळकवाडीत राहतो. दिवाळी सरली की एखाद्या सकाळी न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थिजलेली सापडते. थंडी आली हे बेळगावात असंच कळतं, त्याला 1 डिसेंबर लागत नाही. माझ्या फाटकासमोर एका शाळेची बस थांबते. तिथे रोज सकाळी पहिली-दुसरीतली पोरं दोन्ही हात काखेत घालून उभी असतात, वेणीतलं तेल पांढरं धरलेलं, गुडघ्यांची कातडी फुटलेली. त्यांच्याच बसमध्ये नववीची मुलं फुल पँट घालून चढतात. पाचवीपासून फुल पँट हा नियम ज्याने केला त्याने थंडी उलटी मोजली. लहान मुलाच्या अंगाची उष्णता मोठ्यापेक्षा लवकर जाते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्र जास्त असतं. गरज जिला जास्त तिचेच पाय उघडे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 12-13 अंशांपर्यंत उतरणं इथे नवलाचं नाही. तुमच्या जांबोटीकडे तर धुकं आणि दंव वेगळंच. शिवाय जुलै-ऑगस्टच्या पावसात भिजलेल्या फ्रॉकवर जो गारठा भरतो तो कुठल्या महिन्यात मोजायचा?

हा मुद्दा न्यायालयात कलम म्हणून चालणार नाही, पण नियम रास्त आहे का, हे ठरवताना नक्की चालेल. जानेवारी 2023 मध्ये राजकोटच्या एका शाळेत विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि थंडीत ठराविक स्वेटरच्या सक्तीवर गुजरातभर ओरड झाली. त्यानंतर तिथल्या शिक्षण खात्याने शाळांना सांगितलं की ठराविकच स्वेटरची सक्ती करू नका, मुलं जे गरम कपडे घालून येतील ते चालू द्या. ती सूचना कर्नाटकावर बंधनकारक नाही, तरी अर्जात तिचा उल्लेख करा. एका सरकारला जे सुचलं ते दुसऱ्याच्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला हरकत नसते.

दाखल्याच्या धमकीला घाबरू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दाखला तुम्ही मागितलात तरच द्यायचा असतो. म्हणून रागाच्या भरात ‘द्या मग दाखला’ असं लिहून देऊ नका. अशी एका ओळीची चिठ्ठी घेऊन पालक माझ्याकडे येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता काय करायचं ते सांगतो. मुलीला तपासलेल्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: खोकला आहे, उबदार कपडे आणि पाय झाकणं आवश्यक. मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा. भाषा साधी ठेवा. ‘माझी मुलगी इयत्ता पहिलीत शिकते. अमुक तारखेला तिचा स्वेटर गेटवर काढून घेण्यात आला व तिला प्रार्थना संपेपर्यंत रांगेबाहेर उभे केले. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. तारखेची अट न ठेवता तिला स्वेटर व लेगिंग्ज घालण्याची परवानगी द्यावी. शाळेच्या रंगाचा स्वेटर आम्ही आमच्या पसंतीच्या ठिकाणाहून घेऊ, 1995 च्या नियम 11 प्रमाणे तसा आम्हाला हक्क आहे. पुन्हा असा प्रकार होऊ नये, ही विनंती.’ एवढं पुरे. शिक्षिकेचं नाव घालू नका, धमकी घालू नका. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका. शिक्का देत नसतील तर तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आणखी चार-पाच पालकांच्या सह्या मिळाल्या तर फारच बरं. अर्ज पाच घरांचा असला की एका पोरीवर डूख धरता येत नाही.

आठवडा-दहा दिवसांत काही झालं नाही तर गटशिक्षणाधिकारी, आपण बीईओ म्हणतो ते. इथे बरेच जण चुकतात: तुम्ही खानापूरच्या असलात तरी शाळा बेळगाव शहरात आहे, म्हणून तक्रार शहराच्या बीईओ ऑफिसात द्यायची. वर बेळगावचे शिक्षण उपसंचालक, म्हणजे डीडीपीआय. (निपाणी, हुक्केरी, रायबागकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं की त्यांचा शैक्षणिक जिल्हा चिक्कोडी आहे.) तक्रारीत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 चा उल्लेख करा. त्याप्रमाणे दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

अर्ज मराठीत चालेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण आपल्या भागात तो प्रत्येकाच्या मनात असतो. चालेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाणं मांडताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं, आणि भाषेच्या कारणावरून ते परत करता येत नाही. तरी माझा सल्ला असा की मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडा. हक्क सोडायचा म्हणून नव्हे, टेबलावरच्या कारकुनाने तो लगेच वाचावा म्हणून. पोरगी थंडीत कुडकुडते आहे, तोवर भाषांतराची वाट कशाला बघायची?

आणखी एक गोष्ट बाकीच्या वाचकांसाठी. शाळा भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जाची असेल, आणि सीमाभागात मराठी संस्थांच्या बाबतीत हे आधी पाहावंच, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा तिला लागू होत नाही. मग कलम 17 आणि 32 वर विसंबू नका. पाच वर्षांच्या एलकेजी-यूकेजीच्या मुलांचंही तसंच, कारण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळांना कर्नाटकचे गणवेशाचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, त्यांची तक्रार बोर्डाकडे न्यावी लागते. मात्र बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 75 सगळ्यांना आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होतील असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

पोलिसांचा रस्ता तो हाच. स्वेटर तीन दिवस ठेवून घेतला म्हणून चोरीची फिर्याद होत नाही, कारण लुबाडायचा हेतू नव्हता. पण अर्ज दिल्यानंतर, डॉक्टरांचं पत्र त्यांच्या फायलीत असताना पुन्हा असं झालं, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय त्यांना राहत नाही. त्या दिवशी कलम 75 उघडा. वकिलाच्या फीची चिंता नको. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. मुलांसाठीचा 1098 हा नंबरही लिहून ठेवा.

मुलीला त्रास होईल का, हे तुम्ही शेवटी विचारलंत, पण पत्रातली सगळी भीती तीच आहे. म्हणून घरच्या दोन गोष्टी सांगतो. तिला मोबाईलसमोर बसवून ‘तुला कुणी उभं केलं, काय म्हणाले’ असं वदवून घेऊ नका. तिने आपणहून सांगितलेलं तारखेसह वहीत लिहून ठेवा, कामाला तेच येतं. आणि परवानगी मिळेपर्यंत निळा स्वेटर घालून तिला गेटवर पुढे करू नका, आपलं भांडण तिच्या अंगावर नको. फ्रॉकच्या आत पातळ थर्मल घाला, गुडघ्याच्या वर जाणारे मोजे घाला. व्हॅनमध्ये शाल असू द्या आणि ती गेटपाशी घडी करून दप्तरात ठेवायला शिकवा. आजीला मरून लोकर आजच आणून द्या. पहिलीच्या मापाला चार-पाच दिवस लागतील, तोवर अर्जावर शिक्काही आलेला असेल.