वाचकांचे प्रश्न : रक्ताचा कर्करोग उलटणार का, हे आधी कळतं?

प्रश्न : माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. त्यांना एएमएल हा रक्ताचा कर्करोग झालाय. रिपोर्टवर क्रोमोसोम नॉर्मल, एनपीएम१ पॉझिटिव्ह आणि एफएलटी३ निगेटिव्ह असं लिहिलंय. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या, आजार आटोक्यात आहे म्हणतात. भाचा पुण्याला असतो. तो म्हणतो, सतरा जनुकांची एक तपासणी असते, तिच्यावरून आजार परत येणार का ते कळतं. दारात दोन म्हशी आहेत. एक विकून तपासणी करून घ्यावी का?
– एक भगिनी, कागल

उत्तर : ताई, म्हैस विकू नका.

भाचा सांगतोय ती तपासणी खरी आहे. टोरांटोच्या संशोधकांनी ती २०१६ साली मांडली. ७८ रुग्णांच्या पेशींचे वेगवेगळे गट करून ते उंदरांत सोडले, कुठल्या गटानं तिथं मूळ धरलं ते पाहिलं आणि त्या चिवट पेशींत जास्त जागी असलेली सतरा जनुकं निवडली. पण या जनुकांवरून निघणारा गुणांक निदानाच्या वेळच्या, केमोआधीच्या नमुन्यावर काढतात. आता मिस्टरांच्या रक्तात त्या पेशी शोधाव्या लागतील इतक्या कमी असतील. मग मोजणार काय?

तुमच्या हातात याहून कामाची गोष्ट आधीच आहे. एनपीएम१ आणि एफएलटी३ ही जनुकं; पॉझिटिव्ह म्हणजे त्या जनुकात बदल सापडला. एनपीएम१ पॉझिटिव्ह हे शब्द वाचून घाबरला असाल, पण एफएलटी३ निगेटिव्ह असताना ते बऱ्यापैकी चांगल्या बाजूचं लक्षण धरतात. शिवाय एनपीएम१मधला हा बदल फक्त कर्करोगी पेशींत असतो, म्हणून त्याच्या आरएनएच्या (जनुकावरून पेशीत निघणाऱ्या नकलेच्या) प्रती मोजून उरलेला आजार पकडता येतो. ब्रिटनमधल्या रुग्णांवरचा अभ्यास २०१६ मध्येच आला. दुसऱ्या केमोनंतरही रक्तात या प्रती सापडल्या, त्या रुग्णांत ३ वर्षांत १०० पैकी ८२ जणांचा आजार उलटला. सापडल्या नाहीत त्यांच्यात ३०. म्हणजे निगेटिव्ह आलं तरी तपासण्या थांबवायच्या नाहीत.

तेव्हा पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा : दुसऱ्या फेरीनंतर एनपीएम१ची एमआरडी, म्हणजे उरलेला आजार मोजायची ही तपासणी, केली का? नसेल तर आताच करायला सांगा.

रिपोर्ट आला की नुसतं निगेटिव्ह वाचून घडी घालू नका. खाली एबीएल नावाच्या, निरोगी पेशींतही असणाऱ्या जनुकाच्या प्रती लिहिलेल्या असतात. ऊस किती गाळला हे कळल्याशिवाय साखरेच्या पोत्यांवरून उतारा सांगता येत नाही, तसा एबीएलशिवाय एनपीएम१च्या आकड्याला अर्थ नाही. एबीएल १०,००० च्या खाली असेल तर नमुना कच्चा निघाला, त्या निगेटिव्हवर विसंबू नका.

नमुना कच्चा का निघतो? आरएनए फार लवकर मोडतो. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त थर्मोकोलच्या डब्यातून कोल्हापूरहून पुण्या-मुंबईला जातं. शनिवारी दुपारी काढलं तर लॅबमध्ये हात लागतो सोमवारी. सोमवार ते गुरुवार, सकाळीच काढा. आणि दर वेळी लॅब तीच ठेवा. स्वस्त पडते म्हणून मध्येच बदलली की आधीच्या आकड्याशी ताळा लागत नाही.

उपचार संपल्यावर पुढची २ वर्षं दर ३ महिन्यांनी बोनमॅरोचा (हाडातल्या मज्जेचा) नमुना किंवा दर ४ ते ६ आठवड्यांनी रक्त, असा क्रम असतो. कोणता, ते डॉक्टर ठरवतील. एखादा आकडा थोडा हलला म्हणून झोप घालवू नका. दोन नमुन्यांत तो दहापट वाढला किंवा निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं, तर ४ आठवड्यांच्या आत पुन्हा नमुना देऊन खात्री करतात. खात्री झाली तर रक्ताची गणती बिघडायच्या आधी हालचाल करायला वेळ मिळतो. तो वेळ मिळावा म्हणूनच हा सगळा खटाटोप.

काही जण डब्ल्यूटी१ या दुसऱ्या जनुकाची तपासणी करायला सांगतील. एनपीएम१मध्ये बदल नसलेल्यांना ती कधीकधी उपयोगी पडते. पण निरोगी मज्जेतही डब्ल्यूटी१ थोडं असतंच, त्यामुळे आकडा संदिग्ध राहतो. तुम्हाला तिची गरज नाही.

खर्चाचं म्हणाल तर तपासणी सरकारी आरोग्य योजनेत बसते का, हे आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि एमआरडी पॉझिटिव्ह आली तर बोनमॅरो प्रत्यारोपणाचा विषय निघेल. मिस्टरांच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाशी एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळवून पाहतात त्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. दीर-नणंदांशी आताच बोलून ठेवा.