द लायन किंगचा जुना गेम भाचीसाठी घ्यावा का? खेळलेल्यांची मतं इतकी वेगवेगळी का?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या भाचीला सिनेमा तोंडपाठ आहे, घरात निन्टेन्डोचं स्विच हे गेम खेळायचं मशीन आहे आणि हातात धरून खेळायला तिला द लायन किंगचा जुना गेम द्यायचा विचार आहे. पण मतं वाचून तुमचा गोंधळ उडालाय. कुणी म्हणतो लहानपणीचा सगळ्यात लाडका गेम, कुणी म्हणतो पैसे पाण्यात.

घ्या. फक्त आत कोणती आवृत्ती सुरू करायची ते आधी ठरवा, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. सिनेमा १९९४चा, गेमही त्याच वर्षीचा. वेस्टवूड स्टुडिओजने बनवला, व्हर्जिनने विकला. टीव्हीला जोडायच्या सुपर निन्टेन्डो आणि सेगा या मशीनवर तो आला, आणि हातात मावणाऱ्या गेम बॉयसाठीही निघाला. नाव सगळीकडे एकच. त्यामुळे "सिम्बा (म्हणजे आपण खेळवतो तो सिंहाचा छावा) दिसतच नाही" म्हणणारा बहुतेक गेम बॉयबद्दल बोलत असतो, आणि "काय चित्रं आहेत!" म्हणणारा सुपर निन्टेन्डोबद्दल. दोघंही खरं बोलतात.

गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, फिकट हिरवट, रंगाच्या जागी चार छटा. आत दिवा नाही, म्हणजे अंधारात खेळायचं नाव काढू नका. हळू चालणाऱ्या गेमला हे चालून जातं. पण इथे सगळा खेळ उडीचा, आणि हलणारं चित्र त्या पडद्यावर पुसट व्हायचं. उडी मारताना पलीकडची कड नीट दिसली नाही तर खेळणाऱ्याने करायचं काय? म्हणून ज्यांनी तो गेम फक्त गेम बॉयवर खेळला त्यांचा राग मला पटतो.

मोठ्या आवृत्तीची गोष्ट वेगळी. सिम्बाची चित्रं डिस्नेच्या स्वतःच्या चित्रकारांनी काढलेली आहेत, आणि ते पहिल्या मिनिटात कळतं. छावा कड्याला पुढच्या पायांनी लटकतो, धडपडत वर येतो, डरकाळी फोडायला जातो आणि निघतो तो बारीकसा आवाज. पहिल्या लेव्हलच्या शेवटी एक तरस येतो. तो झेपा घेत असतो तोवर त्याच्या वाटेला जायचं नाही. दमून धापा टाकायला लागला की त्याच्या पाठीवर उडी. हे कुणी सांगत नाही, लिहूनही येत नाही, बघून बघून मुलाला आपोआप समजतं. प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम, चांगला कशाला म्हणायचा याचं उदाहरण म्हणून मी हीच लेव्हल दाखवेन.

आणि मग दुसरी लेव्हल. वाईट मतांपैकी बहुतेक इथे जन्माला आलीत. माकडं सिम्बाला शेपटीला धरून एकमेकांकडे फेकतात. गुलाबी माकडांवर डरकाळी फोडली की त्यांची फेकायची दिशा बदलते, आणि कोणावर कधी फोडायची हे बरोबर जुळलं तरच पुढची वाट सुटते. मधे शहामृगावरची स्वारी आहे, तिथे उडी किंवा वाकणं क्षणभर चुकलं की खाली. सोप्या पहिल्या लेव्हलनंतर लगेच हे येतं, म्हणून मुलं हबकतात.

याला कारण आहे. वेस्टवूडचे सहसंस्थापक लुइस कॅसल यांनी नंतर सांगितलंय की ही लेव्हल मुद्दाम कठीण केली. अमेरिकेत तेव्हा गेम दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळायचे. भाड्याच्या मुदतीत पोराने गेम संपवला तर आईबाप विकत कशाला घेतील, हा डिस्नेकडचा हिशोब. आमच्याकडे भुसावळला, जळगावला ज्यांनी तासावर पैसे देऊन टीव्ही गेम खेळलेत त्यांना हे लगेच कळेल. तास संपला की कॅसेट दुसऱ्याच्या हातात, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, कारण मूळ गेममध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. अशा वेळी माकडांपाशी अडकलेल्या पोराच्या मनात गेमबद्दल काय राहणार? त्याने तर पुढचे धबधबे, ज्वालामुखी, काहीच पाहिलं नाही. त्याचं मत हे दोन लेव्हलांवरचं मत आहे, आणि त्याचा त्यात काहीही दोष नाही. मला खरा संताप येतो तो या हिशोबाचा. लहान मुलांसाठी केलेला इतका देखणा गेम, आणि बहुतेक मुलांना तो अर्धाही दिसू नये अशी व्यवस्था!

पुढे सगळंच अन्यायाचं नाही. जनावरांचा लोंढा पडद्याबाहेर आपल्याच अंगावर येतो ती लेव्हल भीतीदायक आहे, पण प्रामाणिक आहे, चूक झाली तर आपली झाली हे कळतं. धबधब्यात वरून पडणाऱ्या ओंडक्यांवरून चढायची जागाही तशीच, कठीण पण न्याय्य. गुहांच्या भुलभुलैयाची लेव्हल मात्र मला आजही रटाळ वाटते.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे स्विचवर २०१९ साली अलाद्दीन आणि द लायन किंग यांचा एकत्र संच आला. २०२१मध्ये तो वाढवून त्यात द जंगल बुक आणि कॅपकॉम या दुसऱ्या कंपनीने केलेला वेगळा अलाद्दीन घातला. हा वाढीव संच बघा. त्यात कुठेही सेव्ह करता येतं, आणि चुकलं की एक बटण दाबून खेळ मागे नेता येतो. अख्खा गेम आपोआप खेळला जाताना बघायचीही सोय आहे, मधेच वाटलं तिथे सूत्रं आपल्या हाती घ्यायची. तीस वर्षांपूर्वीची ती भाड्याची खोच या बटणाने निघून गेली असं मी म्हणेन.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी पोरांना घराबाहेर सोडता येत नाही. अमळनेरहून आलेला भाचा तेव्हा हाच गेम घेऊन बसतो. माकडांपाशी आला की विचारतो, "मामा, आते काय करू?" मी उत्तर देत नाही, मागे न्यायचं बटण तेवढं दाखवतो. तो दोन पावलं मागे जातो, दुसऱ्या माकडावर डरकाळी फोडून बघतो, पुन्हा मागे जातो. कोडं सुटतं आणि ते त्याने स्वतः सोडवलेलं असतं. भुसावळ-सुरत गाडीत तर सेव्हचा फार उपयोग, नंदुरबार आलं की मशीन बंद, घरी गेल्यावर तिथूनच पुढे.

भाचीला संचातली सुपर निन्टेन्डोची आवृत्ती लावून द्या. गेम बॉयची पण आत आहे, ती तिला नंतर गंमत म्हणून दाखवा, सुरुवात तिच्यापासून नको. आणि ती शेवटापर्यंत पोचली तर एवढं सांगून ठेवा, कारण भले भले खेळाडू तिथे अडून बसलेत: शेवटच्या लढाईत स्कारला, म्हणजे सिनेमातल्या खलनायक सिंहाला, नुसते पंजे मारून तो हरत नाही. त्याला दमवायचं, कड्याच्या टोकाशी आणायचं आणि मोठा झालेल्या सिम्बाचा उचलून फेकायचा डाव टाकायचा.