गावच्या पुलाची देखभाल ठेकेदाराकडे गेल्यापासून खर्च वाढला, पूल मात्र होता तसाच. असं का होतं?

तुम्ही लिहिलंय की कठडे पिवळे-काळे रंगवून झाले, पण कमानीतून पाणी झिरपायचं थांबलं नाही. वाचून जरा लाजच वाटली, कारण असे कठडे मी रंगवून घेतलेत. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो.

त्याआधीचं सांगतो. माझे बाबा मैलकुली होते, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारे खात्याचे कामगार. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांच्याकडे, त्यात दोन मोऱ्या आणि एक कमानीचा दगडी पूल. मृग लागायच्या आधी आठवडाभर कोयता आणि एक सळई घेऊन ते त्या पुलाशीच असायचे. पुलावरचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या मातीने बुजलेल्या असत, त्या सळईने मोकळ्या करायच्या. दगडांच्या दरजेत पिंपळ रुजलेला दिसला की करंगळीएवढा असतानाच मुळासकट काढायचा आणि तिथे सिमेंट दाबायचं. "एक पावसाळा राहू दिलास तर दगड हलवतो तो," असं म्हणायचे. खर्च म्हणाल तर त्यांचा पगार आणि सिमेंटचं अर्धं पोतं. ते निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही.

आता पिंपळ उपटायचं टेंडर कोण काढणार? म्हणून आठ-दहा पूल एकत्र करून एक काम काढतात. त्यावर १८ टक्के जीएसटी. काम मिळावं म्हणून ठेकेदार बिलो भरतो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी रकमेचं टेंडर, स्वतःचा वाटा काढून खाली दुसऱ्याला देतो, आणि एवढे हात फिरून पुलापर्यंत पोचतो तो रंगाचा डबा. रंग फोटोत उठून दिसतो ना! बिलाला जोडलेल्या आमच्या एकाही फोटोत पुलाची खालची बाजू नव्हती. कुणी मागितलीही नाही.

पैसे जातात ते जातातच, पण पूल ओळखणारं माणूस खात्यात उरत नाही, हे मला जास्त महाग वाटतं. मग तपासणीही बाहेरच द्यावी लागते. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल आठवा. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी पडला, सात जण गेले. महापालिकेने त्याचं ऑडिट खासगी सल्लागाराकडून करून घेतलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून पूल वापरायला ठीक ठरला होता. पुढे ऑडिटरला अटक झाली, पालिकेच्या अभियंत्यांनाही.

खात्याची माणसं होती तेव्हा सगळं आलबेल होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्यांसकट पुरात गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं. आणि तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, तो ठेकेदारामार्फतच. बांधकाम बाहेर द्यायला माझी ना नाही, ते मोजून घेता येतं. दर मे महिन्यात सळई घेऊन जाणं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेलं काम मोजून नोंदवायच्या वहीत, कसं लिहिणार?

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी रस्ता कुणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग असेल तर बहुधा जिल्हा परिषद, राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम. तिथे १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. तो संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची असते. अर्जाआधी पाणी उतरलं की कमानीखाली जाऊन दोन फोटो काढून ठेवा. नळीचं तोंड आणि झिरपण्याची जागा एकाच फोटोत आली तर उत्तम.