बीबीए वरवरचं वाटतंय. ज्यांनी पूर्ण केलं, त्यांना आता मागे वळून पाहताना काय कामी आलेलं दिसतं?

तुम्ही लिहिलंय की बीबीएचं, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीचं, दुसरं वर्ष चालू आहे, प्रत्येक विषयाची नुसती तोंडओळख होते, खोलात कशातच जाणं होत नाही, इंजिनिअरिंगवाले मित्र 'पीपीटीची डिग्री' म्हणून चिडवतात. काय कामी आलं, काय वाया गेलं आणि आत्ताच सोडून दुसरं काही धरावं का, असं तुम्हाला विचारायचंय.

माझी डिग्री होऊन बरीच वर्षं झाली. सध्या एका कंपनीत येण्यांचं काम बघते, म्हणजे कुणाला किती उधारीवर माल द्यायचा आणि दिलेल्या मालाचे पैसे वेळेत कसे आणायचे. त्यामुळे माझं उत्तर अकाउंट्सकडे झुकलेलं असणार, ते धरूनच वाचा.

मित्र चिडवतात त्यात तथ्य आहे, आणि हा टोमणा आजचा नाही. १९५९ साली अमेरिकेत व्यवसाय व्यवस्थापनाच्या शिक्षणावर दोन मोठे अहवाल आले, एक फोर्ड फाउंडेशनच्या आणि एक कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने. दोन्हींचा सूर साधारण एकच होता: अभ्यासक्रम उथळ आहेत, माहिती फार आणि विचार कमी. त्यानंतर तिथल्या कॉलेजांनी गणित, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांना जास्त जागा दिली आणि पुढे इतर देशांतही तोच साचा उचलला गेला. स्टॅटिस्टिक्सचा पेपर तुमच्या बोकांडी बसलाय त्यामागे या दोन अहवालांचाही हात आहे.

वाया काय गेलं ते आधी सांगते, कारण ते लवकर संपतं.

परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेलं स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांची यादी), पाच बळं (एखाद्या धंद्यात स्पर्धा किती तीव्र आहे ते ठरवणाऱ्या पाच गोष्टी), तारा-गाय-कुत्रा-प्रश्नचिन्ह (बाजाराची वाढ आणि आपला हिस्सा बघून धंदे चार खणांत टाकणारी चौकट) यांतलं काहीही मला नोकरीत कधी कुणी विचारलं नाही. चौकटींचा दोष नाही. आम्हाला त्या उत्तरं म्हणून शिकवल्या, मूळ प्रश्न काय होता ते कुणी सांगितलंच नाही. ती गाय-कुत्र्याची चौकट १९७० मध्ये बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी मांडली. तेव्हाच्या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या पोटात अनेक वेगवेगळे धंदे असत, आणि वर बसलेल्यांना ठरवायचं असे की कुठल्या धंद्यातून निघणारा पैसा उचलून कुठल्या धंद्यात घालायचा. आम्ही एकच उत्पादन विकणारी छोटी कंपनी घेतली, ते उत्पादन 'तारा'च्या खणात टाकलं, बाकीचे तीन खण रिकामे ठेवले, आणि आम्हाला त्याचे भरपूर मार्क मिळाले. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या माणसाच्या गरजांच्या उतरंडीचंही तसंच. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, ते नंतर इतरांनी काढलं. आमच्याकडे पिरॅमिड काढला नाही तर मार्क कापत!

पोर्टर यांच्या पाच बळांची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. स्पर्धा कुठे मेलीय आणि त्यात ग्राहक नाडला जातोय का, हे तपासायला अर्थशास्त्रज्ञ जी मोजमापं वापरत, तीच त्यांनी १९७९ च्या लेखात उलटी फिरवून कंपन्यांच्या हातात दिली: स्पर्धेचा त्रास कमी आणि नफा टिकेल अशी जागा कुठे आहे ते शोधा. हे मी कॉलेज संपल्यावर वाचलं आणि तेव्हा कुठे हा विषय आवडायला लागला. म्हणून प्रत्येक चौकटीपाशी थांबून 'ही कुणाला, कशासाठी लागली होती?' एवढं विचारत जा. सरांना विचारा, नाहीतर स्वतः शोधा. पाठ करायला निम्मा वेळ लागतो, हा वरचा फायदा.

आता टिकलं ते. माझ्या आठवणीत सगळ्यात ठसठशीत आहे ती बीअर गेम. ऑपरेशन्सच्या मॅडमनी एक पूर्ण दुपार त्यात घालवली होती आणि पोर्शन राहील म्हणून काहीजण कुरकुरत होते.

खेळ असा. चारजणांची साखळी: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना. दर आठवड्याला खालून ऑर्डरची चिठ्ठी येते, असेल तेवढा माल द्यायचा आणि वरच्याला आपली ऑर्डर लिहून पाठवायची. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी वेळ लागतो. साठा पडून राहिला तर खर्च, ऑर्डर पुरी करता आली नाही तर त्याच्या दुप्पट दंड. आपसात बोलायचं नाही. ग्राहकाची खरी मागणी फक्त किरकोळ विक्रेत्याला दिसते.

मी घाऊकवर होते. सुरुवातीला सगळं शांत. मग खालून येणारा आकडा थोडा वाढला, हातातला साठा आटला, मी जरा जास्त मागवलं, माल येईना म्हणून आणखी मागवलं. माझ्यामुळे वितरक घाबरला. कारखान्यावर बसलेल्या मैत्रिणीच्या हातात चाळीसची चिठ्ठी पडली तेव्हा तिने नियम मोडून सगळ्यांसमोर 'वेडे आहात का?' असं विचारलं. काही आठवड्यांनी तोच सगळा माल खाली येऊन आदळला आणि ऑर्डरी शून्यावर गेल्या. तेव्हा ती पुन्हा ओरडली.

खेळ संपल्यावर मॅडमनी प्रत्येकाला कागद दिला आणि 'ग्राहकाची मागणी कशी बदलली असेल ते काढा' म्हणाल्या. किरकोळवाले सोडून आम्ही सगळ्यांनी डोंगरदऱ्या काढल्या. खरा आलेख त्यांनी फळ्यावर काढला: पहिले चार आठवडे ४, पाचव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत ८. एक पायरी, बस्स. तोवर प्रत्येक साखळीत भांडणं लागली होती, आणि प्रत्येकाच्या मते चूक त्याच्या वरच्याची किंवा खालच्याची होती.

हा खेळ एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या कामातून १९६० च्या आसपास तयार झाला. फॉरेस्टर मूळचे इंजिनिअर. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीमधल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी जादा पाळ्या लावाव्या लागत, तर काही वर्षांनी निम्म्या माणसांना घरी बसवावं लागे. लोक याचं खापर बाजारातल्या तेजीमंदीवर फोडत. फॉरेस्टर यांनी माणसं घेण्याचे आणि साठा ठेवण्याचे कंपनीचेच नियम घेऊन कागदावर आकडेमोड केली, तर बाहेरची मागणी स्थिर धरूनही हेलकावे येत होते. आज आमचा एखादा गिऱ्हाईक अचानक तिप्पट माल मागतो तेव्हा सेल्सवाले खूश होतात. मी आधी विचारते की त्याच्या पुढची विक्री खरंच वाढलीय, की माल कमी पडेल या भीतीने तो साठा करतोय. ही सवय त्या दुपारची आहे. तुमच्याकडे हा खेळ घेत नसतील तर मागे लागून घ्यायला लावा.

अकाउंट्सबद्दल सगळ्यांना एकच आठवतं, की कंटाळवाणं होतं. होतंच. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचं गणिताचं पुस्तक छापलं गेलं. त्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा असा दोनदा लिहायची) वहिवाट लिहिलेली आहे आणि आपण मुळात तीच शिकतो. आमचे सर सुरुवातीचे कित्येक महिने संगणकाला हात लावू देत नसत. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजा ताडून बघायचा तक्ता, जुळत नाही, फरक ४५० चा. सर म्हणत, ९ ने भाग जातोय का बघा. जातोय? मग कुठेतरी शेजारशेजारचे आकडे उलटे पडलेत. शोधत गेलं की ५,२७४ च्या जागी ५,७२४ सापडायचं. फरक ८६० चा आला तर आधी ४३० शोधायचे, कारण नावेची नोंद जमेला गेली की फरक दुप्पट दिसतो. अजूनही एखाद्या तक्त्यात बेरीज हुकली की माझा हात आधी ९ ने भागायला जातो, आणि ऑफिसातल्या पोरांना ती जादू वाटते.

पण अकाउंट्समधली खरी कमाई म्हणजे नफा आणि रोकड यांतलं अंतर कळणं. साधा हिशोब बघा. महिन्याला १०० ची विक्री, त्या मालाचा खर्च ८०. पुरवठादाराला एका महिन्यात पैसे द्यायचे, गिऱ्हाईक तीन महिन्यांनी देणार. म्हणजे मधल्या दोन महिन्यांचा खर्च, १६०, कायम आपल्या खिशातून अडकलेला. महिन्याचा नफा २०, म्हणजे आठ महिन्यांचा नफा तिथेच गेला. आता विक्री दुप्पट झाली. नफा ४० झाला म्हणून सगळे टाळ्या वाजवतात, पण अडकलेली रक्कम ३२० झाली, आणि वरचे १६० आत्ता, लगेच, कुठून तरी उभे करायचेत. बँकेने हात आखडता घेतला तर नफ्यातली कंपनी पगार देऊ शकत नाही. अशा रोजच्या व्यवहारात अडकून राहणाऱ्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात; त्याची व्याख्या मी कधीच विसरले. हे गणित विसरले नाही, कारण सरांनी ते आमच्याकडून महिन्यामागून महिना लिहून काढून घेतलं होतं.

एक्सेल मात्र कॉलेजात जेमतेम शिकवलं. गंमत म्हणजे या प्रकाराचा उगम बिझनेस स्कूलमधलाच. डॅन ब्रिकलिन १९७८ मध्ये हार्वर्डला शिकत होते. तक्त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे हाताने पुन्हा मांडावे लागतात, हे बघून त्यांना आपोआप बदलणाऱ्या तक्त्याची कल्पना सुचली. १९७९ मध्ये ते आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजीकॅल्क बाजारात आलं, आजच्या सगळ्या स्प्रेडशीटचा पूर्वज. कॉलेजच्या भरवशावर राहू नका, हे स्वतःच शिका.

ग्रुप प्रोजेक्टबद्दल प्रत्येकाकडे तक्रार असते. आमच्या गटात एकजण दर वेळी फक्त मुखपृष्ठ करायचा. मुखपृष्ठ सुंदर असायचं, हे कबूल. त्याच वर्षी ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या (कामाच्या जागी माणसं कशी वागतात या विषयाच्या) तासाला रिंगेलमान शिकवला: फ्रेंच कृषी अभियंता, दोर ओढण्याचे प्रयोग, निष्कर्ष छापले १९१३ मध्ये. आठजण मिळून ओढत तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर यायचा. पुढे १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ लॅटने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यांवर प्रयोग केले तेव्हाही गटात ढिलाई दिसली. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की आपला वाटा वेगळा मोजला जातोय हे कळलं की माणसं बरीच सुधारतात. वर्गातल्या कुणीही हे आणि आपलं प्रोजेक्ट यांची सांगड घातली नाही, शिकवणाऱ्यांनीही नाही. शेवटी गटातल्या एका शांत मुलीने प्रत्येक पानाच्या तळाशी ते लिहिणाऱ्याचं नाव टाकायला सुरुवात केली. भांडण नाही, भाषण नाही. पुढच्या सबमिशनला मुखपृष्ठवाल्याने सर्व्हेचं अख्खं प्रकरण लिहून आणलं, आणि बरं लिहिलं होतं. आज मी टीममध्ये काम वाटते तेव्हा हेच करते.

इंटर्नशिपवर फार आशा ठेवू नका. मला एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या यादीतली दुबार नावं काढायला बसवलं होतं. चकचकीत प्रमाणपत्र मिळालं, ते आता कुठे आहे कोण जाणे. मात्र तिथे वसुलीचे फोन करणाऱ्या एक बाई माझ्या शेजारी बसत. त्या पैसे मागायच्या आधी 'बिल मिळालं ना? त्यात काही चूक नाही ना?' असं विचारत. समोरचा 'नाही' म्हणाला की त्याच्याकडे सबब उरत नसे. माझ्या सध्याच्या कामाचा बराचसा भाग मी त्यांचं ऐकून शिकले, आणि तो कुठल्या रिपोर्टात लिहिता आला नसता.

राहिला सोडण्याचा प्रश्न. दुसऱ्या एखाद्या विषयाची खरोखर ओढ असेल, रात्री जागून त्यातलं काही करत असाल, तर सोडा, उशीर झालेला नाही. पण कारण एवढंच असेल की सगळं वरवरचं वाटतं, तर दुसरीकडेही पहिली दोन वर्षं बरीचशी अशीच जातील. राहिलात तर पुढचे पर्यायी विषय निवडताना नाव बघू नका, पेपर कसा असतो ते वरच्या वर्गातल्यांना विचारा. ज्यात 'टिपा लिहा' जास्त तो टाळा, ज्यात आकडे मांडून निर्णय द्यावा लागतो तो घ्या, मार्क थोडे कमी पडले तरी चालतील. आणि या सुट्टीत शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. अध्यक्षांचं पत्र आणि हसरे फोटो ओलांडून थेट रोख प्रवाहाच्या पत्रकावर जा आणि तिथला 'कामकाजातून आलेली रोकड' हा आकडा नफ्याशी ताडून बघा. रोकड सतत नफ्याच्या मागे पडत असेल तर येणी आणि साठा या दोन ओळी दर वर्षी किती वाढल्या ते बघा. काही अडलं तर इथेच कमेंटमध्ये विचारा.