गाडीचा सल्ला: जुन्या टाटामोबाइलचं ॲव्हरेज

प्रश्न: वडिलांनी 1993 साली घेतलेली टाटामोबाइल पिकअप गेली तीन वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे. डाळिंबाचे क्रेट पंढरपूरला न्यायला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. बंद व्हायच्या आधी जेमतेम 8 चं ॲव्हरेज द्यायची आणि चढाला काळा धूर सोडायची. आमचा मेस्त्री म्हणतो, इंजिनच बदला, मोठं डायरेक्ट इंजेक्शनचं टाका. कुणी सीएनजी सुचवतं. करावं काय? खर्च वसूल होईल का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर: इंजिनाला हात लावायच्या आधी आरसी बुक काढून बघा. गाडी खासगी नोंदणीची असेल तर 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागतं; मालवाहू म्हणून असेल तर आता दर वर्षी फिटनेस. पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. ही थकबाकी किती निघते ते आरटीओत विचारून या. पुष्कळ लोक रंग झाल्यावर कागद शोधायला लागतात.

तुमच्या गाडीत टाटांचं 1,948 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन असणार. टाटांनी ही पिकअप 1988 मध्ये आणली आणि पुढची सिएरा, इस्टेट याच पायावर उभ्या राहिल्या. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी एका छोट्या कोठडीत पडतं आणि तिथं पेट घेतं. त्या कोठडीच्या भिंती उष्णता खातात, म्हणून डायरेक्ट इंजेक्शनच्या तुलनेत साधारण 10 ते 15 टक्के डिझेल जास्त लागतं. तेव्हा मेस्त्री खोटं बोलत नाही. पण मोठं इंजिन बसवायचं म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, सगळंच आलं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, विम्याच्या वेळी ते नडतं. आणि तुमचं नुकसान 10-15 टक्क्यांचं नाहीच. ही गाडी धड असती तर 11-12 द्यायला हवी होती. मधलं डिझेल कुठं जातं ते शोधू. सीएनजीचा विचार तर सोडूनच द्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. गॅसवर चालवायला कॉम्प्रेशन उतरवून, इग्निशन बसवून जवळजवळ नवं इंजिन करावं लागतं.

तीन वर्षं उभ्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका. डिझेलची टाकी उतरवून धुऊन घ्या. तळाला पाणी, गंज आणि शेवाळासारखा चिकट थर असतो, तो सरळ इंजिनाच्या डिझेल पंपात जातो. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना कोठडी तापवणारे) काढून त्या भोकांतून थोडं इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग क्रँकची पुली पान्याने हाताने फिरवा. मोकळी फिरली तरच पुढचं काम.

आता ॲव्हरेज. मी एसटीच्या कार्यशाळेत होतो. आम्ही हिशेब दहा लिटरमागे किलोमीटर असा ठेवायचो, केपीटीएल म्हणायचो त्याला. एखाद्या बसचा आकडा घसरला की साहेब ड्रायव्हरला बोलवायचे आणि आम्ही आधी चाकं उचलायचो. तुम्हीही तेच करा. चारही चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर अडकलेला असतो, हँडब्रेकची केबल गंजून ओढलेली राहते, बेअरिंगचं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं. गाडी सुरू झाल्यावर ब्रेक फारसा न वापरता चार-पाच किलोमीटर जाऊन हब चाचपून बघा. जे चाक इतरांपेक्षा गरम, तिथं डिझेल जळतंय. टायर जुने नायलॉनचे असतील तर रेडियल घाला. याचा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त पडतो.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे गाडी एकदा तापली की मेस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात, तुमचीही तशीच असेल अशी मला जवळजवळ खात्री आहे. त्याशिवाय इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, आणि थंड इंजिन डिझेल पितं आणि लवकर झिजतं. रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट परत बसवा.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर फिल्टर चोंदला असेल, नाहीतर डिझेलचा फवारा मारणारं नोझल टपकत असेल, नाहीतर कधीतरी जादा ओढीसाठी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेलं असेल. हे तिसरं फार आढळतं. चढाला जरा जोर मिळतो, त्याची किंमत बाकीच्या सपाट रस्त्यावर मोजावी लागते. नोझल टेस्टरवर लावून फवारा बघायला सांगा. बारीक धुकं पडलं पाहिजे, थेंब नाही. पंप चांगल्या डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासणीच्या बेंचवर लावा आणि परत बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी फवारायचं ते, डायल गेजवर मोजून घ्यायला लावा. कानाने टायमिंग लावणारे कलाकार असतात, मला त्यांचं कौतुकही आहे, पण पैसे तुमचे जातात. हे सगळं होऊनही निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. मग कॉम्प्रेशन मोजा आणि रिंगांचा खर्च धरा.

पत्र्याबद्दल थोडक्यात: केबिनच्या मागं जिथं चिखल साठतो तिथं आणि चासीच्या आडव्या पट्ट्यांना हातोडीने ठोकून बघा. भोक पडलं तर सडका पत्रा कापून नवा वेल्ड करा, रेड ऑक्साइड मारा. गंजावर लांबी भरून रंग मारणाऱ्या डेंटरला पैसे देऊ नका. एका पावसात फुगतं.

वसुलीचं म्हणाल तर वर्षाला 10,000 किलोमीटर धरा. 8 च्या ॲव्हरेजला 1,250 लिटर, 11 ला सुमारे 910. लिटरला 90 रुपये धरले तर वर्षाला 30,000 च्या आसपास वाचतात. पंप, नोझल, ब्रेक, टायर यांचा खर्च यातून निघेल. पत्रा आणि रंगाचा निघणार नाही. तो वडिलांच्या गाडीसाठी करायचा असेल तर जरूर करा, पण हिशेबाच्या वहीत डिझेलच्या नावावर टाकू नका.

प्रश्न: डिझेलच्या पाइपवर चुंबकाची रिंग बसवली की ॲव्हरेज 20 टक्के वाढतं, असं विक्रेता सांगतो. रिकाम्या पिकअपचा फाळका पाडून चालवलं तर वारा कमी अडतो, हेही खरं का? (एक वाचक, निफाड)

उत्तर: डिझेल लोहचुंबकाला चिकटणारा पदार्थ नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर साधनं तपासली. त्यातली अगदी मोजकी जरा उपयोगी निघाली, तीही थोडीच. विक्रेत्याला म्हणा, रिंग महिनाभर लावून बघतो, आकडा वाढला तर पैसे देतो. बहुतेक तो परत येणार नाही. मोजताना टाकी तोंडापर्यंत भरा, नेहमीच्या रस्त्यावर चालवा, त्याच पंपावर परत तोंडापर्यंत भरा. टायरचा साइज बदललेला असेल तर मीटरवर विसंबू नका, अंतर फोनवर घ्या.

फाळक्याचं उलटं आहे. तो बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरचा वारा त्याच्यावरून सरकून जातो. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो आणि वारा जास्त अडतो. हौद्यावर कायम बसवलेली लोखंडी जाळी मात्र खरंच वारा अडवते, वर वजन वेगळं. ती नट-बोल्टची करून घ्या आणि माल नसेल तेव्हा उतरवा. 80 ऐवजी 55 ने चालवलंत तर यातल्या कशाहीपेक्षा जास्त वाचेल.

प्रश्न: आताच्या डिझेलमध्ये गंधक नाही म्हणून जुना पंप झिजतो, त्यात टू-स्ट्रोक ऑइल घालावं का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) आत आहे हे खरं. पण वंगणाचा गुण टिकावा म्हणून रिफायनरीतच त्यात आवश्यक ते घातलेलं असतं, मानकात त्याची मर्यादा ठरलेली आहे. वरून ऑइल घातलं तर नोझलवर काजळी धरायची. तुमच्या पंपाला झीज नव्हे, गळती सतावेल. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरं नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि सील पाझरायला लागतात. सीलचा पूर्ण सेट बदला. रबरी नळ्या दाबून बघा. कडक लागली किंवा बोटाला काळं लागलं तर ती नळी गेली. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्नच्या बारीक नळ्या लोक हमखास विसरतात, आणि इंजिन थंड असताना गाडी चालू होत नाही ती बहुतेक तिथूनच हवा घेते म्हणून.