किरणोत्सारी क्रोमियमशिवाय एनके पेशींची मारकक्षमता कशी मोजावी?

यवतमाळकडील तालुक्याच्या महाविद्यालयात क्रोमियम-५१ वापरण्याची परवानगी नाही, तेव्हा एनके (नॅचरल किलर, म्हणजे रोगट पेशींना मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या) पेशी लक्ष्यपेशींना (ज्यांच्यावर त्या हल्ला करतात त्या पेशींना) किती मारतात हे कसे मोजावे, असा आपला प्रश्न आहे. क्रोमियमची पद्धत (लक्ष्यपेशींत भरलेले क्रोमियम त्या मेल्यावर किती बाहेर पडते हे मोजण्याची) १९६० च्या दशकापासून प्रमाण मानली जाते; परंतु त्याचे अर्धायुष्य सुमारे २८ दिवसांचेच असल्याने परवानगी मिळूनही साठा टिकत नाही.

आपण एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, पेशींच्या आत असणारे एक विकर म्हणजे एन्झाइम) मोजण्याची पद्धत निवडावी. लक्ष्यपेशीचे (एनकेसाठी सहसा के-५६२ ही प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी रक्तकर्करोगाची पेशी) आवरण फाटले की हे विकर बाहेरच्या द्रवात उतरते आणि त्याने घडवलेला रंगबदल प्लेट रीडरवर (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) मोजता येतो. मात्र मरणाऱ्या एनके पेशींतून आणि पेशी ज्यात ठेवतात त्या द्रव माध्यमातील सीरममधूनही तेच विकर येत असल्याने नुसत्या लक्ष्यपेशी, नुसत्या एनके पेशी, डिटर्जंटने पूर्ण फोडलेल्या लक्ष्यपेशी आणि निव्वळ माध्यम अशा चारही तुलना ठेवाव्यात. घोटाळा बहुधा इथेच होतो. माध्यमाचे वाचन सर्वांतून वजा केल्यावर मिश्रणाच्या वाचनातून दोन्ही पेशींची आपोआप गळती वजा करावी, त्यास लक्ष्यपेशींच्या कमाल (डिटर्जंटने फोडल्यावरच्या) व आपोआप गळतीतील फरकाने भागून १०० ने गुणावे. प्रयोग ३७ अंशांवर ४ तास चालतो, म्हणून भारनियमनाची वेळ पाहूनच तो लावावा.