हार्ट अटॅक खानदानीच असतो का?

प्रश्न: बाबांना ४९व्या वर्षी अटॅक आला, घरी सगळे म्हणतात आपल्या खानदानातच आहे ते, मग मी काळजी घेऊन काय उपयोग?

उत्तर: असं नसतं हो! घरात असेल तर रिस्क वाढते हे खरं, पण मूळचे केरळचे आणि आता कॅनडातले डॉ. सलीम युसूफ यांच्या टीमने ५२ देशांत इंटरहार्ट स्टडी केली, २००४ला आली, त्यात पहिल्या अटॅकची जवळपास ९०% रिस्क नऊच गोष्टींशी जोडलेली निघाली, तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, ताण वगैरे. म्हणजे बेल्टचं भोक पुढे सरकलं की सावध व्हायचं. बीपी-कोलेस्टेरॉलची औषधं एकाच स्वस्त गोळीत द्या यासाठीही ते वर्षानुवर्षं झटले, २०२३ला डब्ल्यूएचओने अशी पॉलीपिल अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, मला हे फार मोलाचं वाटतं, चार-चार गोळ्या असल्या की एखादी सुटतेच ना. तुम्ही याच आठवड्यात बीपी, शुगर तपासून घ्या, आणि बाबांच्या गोळ्या मनाने बंद करू देऊ नका.